जोएलची बाजू

एलियाने करवत चालवायला घेतली, तशी सारा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तरी करवत ऐकू आलीच.

कोल्हारच्या त्या अंगणात मोरपंखीची दोन झाडं होती. जुळ्यांच्या बाप्तिस्म्याला एलियानेच लावलेली, एक जोएलचं, एक एंजलचं. जुळ्यांना लांब कशाला ठेवायचं, म्हणून हातभर अंतरावर. हौसेपुढे अक्कल चालत नाही ती अशी. जोएल शाळेत जायच्या आधीच तापाने गेला. त्याचं झाड मात्र इरेला पेटल्यासारखं वाढलं. सारा आधी पाणी त्यालाच घालायची, नाताळची चांदणीही त्यालाच लागायची. सगळं ऊन तेच खायचं. एंजलचं झाड त्याच्या सावलीत उजेड शोधत कुंपणाकडे कललं, आणि यंदा आतून वाळायला लागलं.

एक झाड काढावं, असं एलिया कधीचा म्हणत होता. अडून बसली होती ती सारा. पोराला दुसऱ्यांदा मातीआड करायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण काल एंजलच्या झाडाची फांदी तिने हात लावताच कटकन मोडली.

"काढा त्याचं," ती नवऱ्याला म्हणाली. "जितं हाय ते तरी जगू द्या."

करवत थांबल्यावर सारा बाहेर आली. जोएलचं झाड आडवं पडलं होतं. एंजलच्या झाडावर पहिल्यांदाच सगळं ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात ते अर्धंच दिसत होतं. जोएलच्या बाजूला हिरवं पान नव्हतं. नुसत्या तपकिरी काटक्या, आणि वरपासून खालपर्यंत एक खोलगट जागा, बरोबर जोएलच्या झाडाएवढी. मोरपंखीच्या वाळल्या फांदीला परत पालवी फुटत नाही, असं एलियाने खाली बघतच सांगितलं. साराला रडूही येईना.

एंजल कॉलेजातून आली. चहा घेऊन पायरीवर बसली, नेहमीसारखी भिंतीला चिकटून, शेजारी एका माणसाची जागा सोडून. इतकी वर्षं ती अशीच बसत होती. साराला ते आज दिसलं.

"मधी बस की गं," ती म्हणाली. "सगळी जागा तुझीच हाय आता."

एंजलने अंगणात पाहिलं.

"आधी त्या झाडाला सांग, मम्मी," ती म्हणाली, आणि कडेलाच बसून चहा पीत राहिली.