राखण

"काठी घेतल्याशिवाय आत जायचं नाही, ताई," दफनभूमीचा रखवालदार म्हणाला. फाटकाला टेकवलेल्या काठ्यांमधली एक त्याने तिच्या हातात दिली. "उजेड आहे तोवर तरसं झुडपात पडून असतात. पण जनावराचा काय भरवसा?"

थोरलीने काठी घेतली, पण गप्प बसली नाही. तीस वर्षं रुग्णालयाचा वॉर्ड सांभाळलेली बाई ती. "मी फोनवर बजावलं होतं, मी येईपर्यंत माझ्या भावाला पुरू नका म्हणून. सख्खी मोठी बहीण आहे मी त्याची. तीन दिवस वाट बघता आली नाही तुम्हाला?"

"तीन दिवस? या उकाड्यात?" रखवालदार ओशाळला नाही. "बर्फाचा कारखाना महिनाभर बंद आहे, ताई. नाहीतर थांबलो असतो."

ती त्याच्यामागून चालू लागली. पायाखाली नुसती रेती. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र होता, आणि डाव्या हाताला काटेरी रान थेट कुंपणापर्यंत आलेलं. कुंपण नावापुरतंच होतं.

"जमीनच अशी," तो म्हणाला. "कितीही खोल खणा, वरची माती आठवडाभर भुसभुशीत. वर फरशी पडेपर्यंत कुणीतरी राखण करावी लागते. नाहीतर तरसं उकरतात."

थोरली थबकली. "मग माझ्या भावापाशी कोण आहे? त्याचं कोण आहे इथे?"

"असं कसं? बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस तो, सगळं बंदर आलं होतं. पहिली रात्र सगळ्यांनी जागून काढली. मग त्यांना समुद्रावर जावंच लागलं. तेव्हापासून बाई एकटी बसलीय. मी म्हटलं, तासभर मी बसतो, तू पाठ टेक. तर म्हणते, तुझा डोळा लागेल." तो कसनुसा हसला. "खोटं नाही म्हणा ते."

बाई. थोरलीला जे ऐकायचं नव्हतं, नेमकं तेच. नवरा सोडून आलेली ही बाई धाकट्याने घरात घेतली, त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं, थोरलीने त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. घरात तिचा विषय निघाला तर 'ती' म्हणायचे, तेवढंच.

मातीच्या उंचवट्याशेजारी, पालथ्या घातलेल्या मासळीच्या खोक्यावर ती बसली होती. मांडीवर पत्र्याचा डबा, हातात लोखंडी गज. रखवालदार लांबूनच परत फिरला. थोरली काय काय बोलायचं ते बसमध्ये घोकून आली होती.

बाई उठली आणि तोल जाऊन पुन्हा खोक्यावर बसली. "ताई ना? फोटोत पाहिलंय तुम्हाला. मी सगळ्यांना म्हणत होते, ताई येतायत, थांबा. कुणी ऐकलं नाही माझं. तुम्हाला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही त्यांचं."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. सुजलेले पाय, फुटलेले ओठ, शब्दाशब्दाला मिटणारे डोळे. अशी माणसं तिने खाटांच्या उशाशी खूप पाहिली होती. त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो, त्यांना आधी झोपवावं लागतं.

"पाणी कधी प्यालीस?" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"सकाळी... बहुतेक."

थोरलीने पिशवीतली बाटली काढून तिला घोट घोट पाजलं. "आडवी हो आता."

"नको, ताई. दिवस मावळायला आलाय, हीच तरसांची वेळ. ती दिसली की डबा वाजवायचा, जोरात. डब्याला घाबरतात ती."

"मग मी काय लुळी आहे? आण तो डबा इकडे." थोरलीने हात पुढे केला. "कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला. एक संध्याकाळ तरी बसू दे की मला त्याच्याजवळ."

बाईने डबा आणि गज तिच्या हाती दिले. मातीला लागूनच ती कुशीवर झाली. "गज असा धरा, ताई, म्हणजे..." म्हणता म्हणताच तिला झोप लागली.

थोरली खोक्यावर बसली. अकरा वर्षांत तिने धाकट्याला एक फोन केला नव्हता. आधी त्याने करावा, म्हणून. त्याचेही दोन-तीन येऊन गेले होते, ते तिने उचलले नव्हते. आता तिला रडू आलं. मोठ्याने रडायची सोय नव्हती. तिने रुमाल तोंडात धरला.

उजेड करडा झाला तेव्हा रानाच्या कडेला काहीतरी हललं. मोठ्या कुत्र्याएवढं जनावर, पाठ मागे उतरती, मान खाली. कुंपणातून सहज आत आलं आणि वीसेक पावलांवर थांबून मातीच्या दिशेने हुंगू लागलं.

तिने गज उचलला. डब्यावर हाणणार, तोच तिची नजर खाली गेली. बाई तोंड उघडं टाकून झोपली होती. एक हात मातीवर तसाच.

गज हवेतच राहिला.

मग तिने डबा हळूच रेतीत ठेवला. काठी घेतली. मातीला वळसा घालून ती पुढे झाली आणि झोपलेली बाई न् जनावर यांच्या मधोमध उभी राहिली. तरस हललं नाही. ती आणखी दोन पावलं पुढे गेली. आणि भेटीची वेळ संपल्यावरही रेंगाळणाऱ्या लोकांना वॉर्डाच्या दाराशी दटावायची त्या दबक्या आवाजात म्हणाली,

"चल, मागे हो. माझी भावजय झोपलीय."