दाराबाहेरच्या चपला

"इथं बोललेलं या खोलीबाहेर जात नाही," समुपदेशक बाई म्हणाल्या आणि कुंदाचा बांध फुटला.

कंपनीनं कामगारांच्या मनासाठी उघडलेल्या या खोलीकडे अजून कुणी फिरकलं नव्हतं. मशीनवर हात थरथरतात, झोपच लागत नाही, सगळं तिनं सांगून टाकलं. मनावरचं ओझं उतरलं.

दार उघडून ती बाहेर आली आणि जागीच थबकली. घरच्या सवयीनं तिनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, घाईत एक इकडे, एक तिकडे. हिरव्या दोऱ्यानं शिवलेला तो अंगठा अख्खा कारखाना ओळखायचा. आता त्याच चपला नीट जुळवून ठेवल्या होत्या, तोंडं गेटकडे करून.

पलीकडे सुपरवायझर रुमालानं हात पुसत उभा होता.

"बरं वाटलं ना, कुंदाताई?"