पहिलं गिऱ्हाईक

मुलुंडच्या शाळेसमोर दोन दिवसांच्या चाचणीसाठी झेब्रा क्रॉसिंग रंगवलं, तेव्हा पद्मजा हरखून गेली. तीन वर्षं तिने त्यासाठी महापालिकेच्या ऑफिसात भांडणं केली होती.

सकाळी रंगाभोवतीची दोरी सोडताना तिचा मदतनीस सुबोध म्हणाला, "मॅडम, काल ओल्या रंगावरून कुणीतरी गेलंय." चिमुकली अनवाणी पावलं रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली होती.

"असू दे रे! आपलं पहिलं गिऱ्हाईक," ती हसली.

नारळ फुटला, गाड्या थांबल्या, अख्खी गल्ली टाळ्या वाजवत पलीकडे गेली. पद्मजा शेवटी निघाली. मधोमध पोचताच कुणीतरी तिची करंगळी घट्ट धरली. सवयीनं तिने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि "चल" म्हणाली.

पलीकडे पोचल्यावर सुबोध गोंधळून म्हणाला, "मॅडम, रंग तर कालच वाळला होता ना?"

तिच्या चपलांशेजारी ओली, पांढरी पावलं फुटपाथपर्यंत आली होती.

करंगळी अजून कुणी सोडली नव्हती.