डोक्यावरचा हात

“भुरेऽऽ, ये वं माय, घरी ये!”

सात वर्षं झाली त्या हाकेला. शुभदाबाईंची हाक. गल्लीगल्लीतून, बाजाराच्या मागून, नाल्याच्या काठानं अकरा दिवस फिरलेली. अजूनही दुपारच्या झोपेत ती नीळकंठरावांच्या कानात येते आणि ते उठून बसतात.

आज त्यांची म्हातारी कुत्री भुरी जमीरच्या फोटो स्टुडिओत लाल गालिच्यावर बसली होती. तोंड भिंतीकडे, पाठ नीळकंठरावांकडे.

“काका, थोडे जवळ सरका,” जमीर कॅमेऱ्यामागून म्हणाला.

नीळकंठराव वीतभर सरकले. भुरी हातभर सरकली.

जमीर हसला. “अख्ख्या उमरखेडचे लग्नाचे फोटो काढले मी. पण एवढी रुसलेली नवरी नाही पाह्यली, काका!”

शुभदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आज हट्टच धरला होता. भुरी तेरा वर्षांची झाली. डोळ्यांवर साय धरली, उठताना मागचे पाय थरथरतात. जनावरांच्या डॉक्टरांनी परवा आवाज खाली करून सांगितलं होतं, “काकू, फार तर महिना.” तिथून परततानाच त्यांनी ठरवलं, बैठकीत तिघांचा फोटो लागला पाहिजे. भुरी मधोमध. आणि तिच्या डोक्यावर यांचा हात.

“यांचाच, माझा नाही,” त्या जमीरला सांगत होत्या. “मी काय, रोजची भाकर घालते. पण ती हरवली ना, तेव्हा माझ्या आधी हे चप्पल घालून तयार. ऑफिस सुटलं की माझ्यासोबत फिरायचे. अकरा दिवस! पाय सुजले होते यांचे. बाराव्या दिवशी भुरी आपली आपण दारात. पंजे सोललेले, पोट पाठीला लागलेलं. मी म्हटलं, ही यांच्याच पुण्याईनं आली.”

नीळकंठराव गालिच्याची किनार पाहत होते.

“अहो, काहून असे बसून राहिले? बोलवा की तिला!”

“भुरी,” ते म्हणाले. भुरीचे कान खाली पडले. ती धडपडत उठली आणि शुभदाबाईंच्या पदराआड जाऊन बसली.

जमीरनं बिस्किटाचा पुडा फोडला. भुरीनं त्याच्या हातचं खाल्लं. शुभदाबाईंच्या हातचं खाल्लं. नीळकंठरावांनी पुढं केलेल्या बिस्किटाचा लांबूनच वास घेतला आणि मान फिरवली.

“घरी तरी बसते का काकांजवळ?”

“दोन हात दूर. पुरुष माणसाला बुजते ती.”

“पण माह्या हातचं तर खाल्लं तिनं, काकू.”

शुभदाबाईंनी भुरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानामागं बोटं फिरवत, नातवंडाला थोपटावं तशा, गुणगुणू लागल्या :

“भुरी माझी गं राखण, वाट चुकली रानात
पायी फोड घेऊनिया, उभी राहिली दारात...”

नीळकंठरावांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा पुसला.

“काकू, तुमच्या हट्टाले सलाम,” जमीर म्हणाला, “पण ती काही येत नाही. एक काम करतो. काकांचा फोटो वेगळा घेतो, हात पुढं केलेला. भुरीचा वेगळा. कॉम्प्युटरवर जोडून देतो. हात असा बसवतो तिच्या डोक्यावर, की घरच्यांनाही समजणार नाही. मागच्या महिन्यात दुबईतल्या पोराले इथं बापाच्या शेजारी उभं केलं मी!”

शुभदाबाईंनी भुरीचे थरथरते पाय पाहिले. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “दे बाबा तसंच करून. खोटं थोडंच आहे ते? जिच्यासाठी एवढी पायपीट केली, तिच्या डोक्यावर हात असणारच की.”

जमीरनं नीळकंठरावांना एकट्याला स्टुलावर बसवलं. दिवे वळवले.

“हात पुढं, काका. थोडा खाली. बोटं सैल सोडा. समजा, डोकं इथंच आहे तिचं.”

नीळकंठरावांनी हात पुढं केला. खाली काहीच नव्हतं.

“हां, आता हलू नका.”

त्यांनी हात मागं घेतला.

“जोडायचं नाही, जमीर.”

“अहो, असं काय करता?” शुभदाबाई म्हणाल्या. “घराच्या भिंतीवर लागायचा आहे तो!”

“म्हणूनच.”

ते स्टुलावरून उठले. गुडघ्यांवर हात टेकवत गालिच्यावर बसले, भुरीपासून दोन हात दूर. तिथून पुढं सरकले नाहीत. शुभदाबाईंकडे सरळ पाहिलं.

“शुभदा, भुरी वाट चुकली नव्हती. आपली लेक भैरवी बाळंतपणाला माहेरी यायची होती. तान्हं बाळ आणि घरात कुत्रं, मी धसकाच घेतला. मीच हिला पोत्यात घातलं, ऑटोनं दूर, महागावच्याही पुढं रानात नेलं आणि सोडून आलो. आणि त्याच संध्याकाळी तुझ्यासोबत शोधायला निघालो.”