अठरा गुण

"हिला काही विचारायला नको," सर बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या कानाशी लागून म्हणाले. "बोलताना अडकते बिचारी. बाकी हुशार आहे. विसातले अठरा टाकून मोकळे होऊ."

परीक्षकांनी लगेच मान डोलावली. सकाळपासून बावीस मुलांची तोंडी परीक्षा उरकली होती, चार उरली होती, आणि त्यांना साडेपाचची गाडी गाठायची होती. फार्मसी कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत पंखा वारा कमी आणि आवाज जास्त करत होता. सरांचा घसा बसला होता. चहावर साय धरली होती. तेच प्रश्न, आणि धडधाकट जिभेच्या मुलांचं तेच ततपप ऐकून त्यांचं डोकं बधिर झालं होतं.

मुलगी आत आली.

"बसू नकोस, झालं तुझं," सर हसून म्हणाले. "चांगले गुण दिलेत. जा घरी निवांत."

तिने खुर्ची ओढली आणि ती बसली. तिचे ओठ मिटले ते उघडेनात. मानेची शीर ताणली गेली. एरवी अशा वेळी सर तिचं वाक्य आपणच पुरं करून टाकत. आज त्यांच्यात तेवढंही त्राण नव्हतं. ते नुसते बघत राहिले.

"सर," ती म्हणाली, "दोन वर्षांत तुम्ही मला ए... एकही प्रश्न विचारला नाही."

सरांना ते लागलं. पहिल्याच आठवड्यात ती उत्तर देताना अडकली होती आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. त्या दिवशी सरांनी वर्गाला असं झापलं होतं की पुन्हा कुणाची हसायची टाप झाली नाही. आणि त्या दिवसापासून त्यांनी तिला कधी उभं केलं नव्हतं. डोसचे हिशेब ते रोज तोंडी घ्यायचे, बाकांच्या रांगेने. तिच्यापाशी आलं की प्रश्न अलगद शेजारच्या मुलाकडे जायचा. दोनदा तिने हात वर केला होता. "राहू दे गं, नंतर," ते मायेने म्हणाले होते. एकदा ती स्टाफरूममध्ये आली, दारात उभी राहून शब्द जुळवू लागली. "सुट्टी हवीय ना? घे," असं म्हणून त्यांनी तिची लगेच सुटका केली होती. एवढं सांभाळून घेतलं, आणि शेवटी हे ऐकायचं. स्वाभिमान दुखावलाय बाईसाहेबांचा, त्यांच्या मनात आलं. बरं, दाखव म्हणावं काय दाखवायचं ते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बारा किलोचं मूल. औषध किलोमागे दिवसाला पंधरा मिलिग्रॅम, तीन डोसांत. बाटलीतल्या पाच मिलीलिटरमध्ये एकशेवीस मिलिग्रॅम. एका वेळी किती पाजायचं?"

तिने सुरुवात केली. पहिल्या आकड्यावर अडकली, सुटली, पुन्हा अडकली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. ते तिला शब्द पुरवायला गेले तसा सरांनी हात आडवा धरला. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पाच मिनिटं गेली. सहा गेली.

"साडेसात मिलीलिटर," ती शेवटी म्हणाली. "दिवसातून ती... तीनदा."

सर खुर्चीत ताठ झाले. अख्ख्या दिवसाचं औषध तिने एका वेळेला पाजलं होतं, आणि तेही तीनदा. ही चूक पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येकाने केली होती आणि प्रत्येकाने त्यासाठी बोलणी खाल्ली होती. सगळ्यांची सुधारून झाली होती. हिची कुणी ऐकलीच नव्हती. लेखी पेपरात व्याख्या आणि टिपा, तिथे ही चूक कधी वर आली नाही.

"गुणाकार बरोबर आहे हो," परीक्षक सावरून घेत म्हणाले. "जरासं इकडचं तिकडे झालं. राहू द्या अठरा."

"चूक आहे," सर म्हणाले. बसलेल्या घशातून तो शब्द जेमतेम निघाला. "तिप्पट औषध जातंय. मूल मरेल."

मुलीने मान खाली घातली नाही. सरांनी एक कोरा कागद ओढला, आपली खुर्ची तिच्या बाजूला घेतली आणि दिवसाचा डोस वेगळा, वेळेचा वेगळा, असं मांडून दाखवलं. मग दुसरा हिशेब घातला. तो चुकला. तिसरा घातला. तो बरोबर आला. चौथाही. प्रत्येक उत्तराला तिला लागायचा तेवढा वेळ लागला. परीक्षकांनी गाडीचा नाद सोडून दिला होता आणि दाराबाहेरची तीन मुलं चुळबुळ करत होती.

सरांनी गुणपत्रकावरचे अठरा खोडले आणि दहा लिहिले. दहाला पास.

"उद्यापासून रोज नऊला ये. महिनाअखेरपर्यंत," ते म्हणाले. ती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही दिसेना. त्यांना राहवलं नाही. "अठरा हातात होते तुझ्या. गपचूप निघून जायचंस. मानासाठी एवढं कशाला?"

तिचे ओठ पुन्हा मिटले. सर थांबले. या खेपेला त्यांना थांबायचा शीण वाटला नाही.

"मानासाठी नाही, सर. मला हे ये... येत नाही ते मला माहीत होतं. एक तारखेपासून मी लहान मुलांच्या दवाखान्यात औषधं द्यायला उभी राहणार आहे."