करंगळी

मार्गिलान शहरातल्या एका घरात दुपारी तंदूर पेटला होता. ओयनिसा कणीक मळत होती, तेवढ्यात तिचा तान्हा असरोर पाळण्यात किरकिरला. तिने पायानेच झोका दिला.

पाळणा नेहमीसारखा जाड चादरींनी झाकलेला होता. बाळाची शू खाली पडावी म्हणून पाळण्याच्या तळाला ठेवलेल्या भोकातून मडक्यात टपटप सुरू झाली. मडकं सकाळीच घासलेलं, तरी कुजक्या चरबीचा भपकारा आला.

किरकिर थांबेना. मग चादरीखाली हात घालून तिने पिठाने माखलेली करंगळी त्याच्या तोंडात दिली. तो चोखू लागला. जीभ गार होती. शेंबडासारखी चिकट लाळ तिच्या मनगटावर ओघळली.

“कुणाला झोके देतेयस गं?” दारातून सासूने विचारलं. “रिकामा पाळणा हलवू नये, हे माहेरी शिकवलं नाही का तुला?”

सासूच्या खांद्यावर असरोर गाढ झोपला होता. ओयनिसाला न सांगताच तिने त्याला उचलून अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाखाली फिरवून आणलं होतं.

ओयनिसाने हात ओढला. करंगळी सुटेना.

मडक्यातली टपटप आता सासूलाही ऐकू आली. डोक्यावरचा रुमाल नाकाशी धरून ती मागे सरली.

“झोका थांबवू नकोस, पोरी,” ती हळूच म्हणाली. “ते रडलं, तर तुलाच अंगावर पाजावं लागेल.”