मधल्या खुर्च्या

“ही इमारत आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल!” नगरसेवक गरजले आणि डाव्या भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

सभा नगरपालिकेच्या सभागृहात होती आणि वादही त्याच सभागृहावरून होता. यंदाच्या पैशांत एकच काम होणार होतं. सभागृहाचं छत दुरुस्त करायचं, नाहीतर शहराच्या तोंडाशी स्वागताची कमान उभारायची. छत धोक्याचं असल्याचा अहवाल अभियंत्यांनी दिला होता, त्यामुळे दुरुस्ती नामंजूर झाली तर सभागृहाला कुलूप लावणार, असं अध्यक्षबाईंनी आधीच बजावलं होतं. सदस्य निम्मे इकडे, निम्मे तिकडे. एक मत हललं की निकाल फिरणार होता.

कमान हे नगरसेवकांचं जुनं स्वप्न. कमानीवर माझं नाव मुळीच नको हं, असं ते कुणी न विचारताच सांगत असत.

कुलूप लागलं तर सगळ्यात मोठी पंचाईत होणार होती ती त्यांच्याच बायकोची. तिचा गाण्याचा गट रोज संध्याकाळी इथे जमायचा आणि त्या पंधरावीस जणींचा आवाज मावेल अशी दुसरी जागा शहरात नव्हती. नागरिकांना बोलायची संधी मिळाली तेव्हा सगळ्यांत आधी तीच उठली होती. “घरी यांच्यापुढे बोलायला मिळत नाही, म्हणून इथे नाव नोंदवून बोलतेय,” अशी तिने सुरुवात केली, तेव्हा अध्यक्षबाईंनाही हसू आवरलं नव्हतं.

आता मात्र नगरसेवक रंगात आले होते. सभागृह खचाखच भरलं होतं. भिंतींलगत एकेका खुर्चीवर दोघं बसली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं होती, दारात तर पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या तीन रांगा तेवढ्या रिकाम्या होत्या. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

“अभियंते काय, त्यांना भिंतीत भूतही दिसेल!” नगरसेवक म्हणाले. “मी गेली कित्येक वर्षं या सभागृहात बसतोय. माझ्या डोळ्यांना कधी काही दिसलं नाही. या छताला काही म्हणजे काही...”

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून वाट काढत त्यांची सून आत आली. लग्न होऊन ती नुकतीच या शहरात आली होती. कामावरून सुटल्यावर ती थेट सासऱ्यांचं भाषण ऐकायला आली होती. नगरसेवकांचा तिच्यावर भारी जीव. घरी जेवताना त्यांचं भाषण सुरू झालं की बाकीचे ताटं उचलून उठत, पण ही हात वाळेपर्यंत बसून ऐकायची. तिला पाहून त्यांचा आवाज आणखी चढला.

सुनेने इकडेतिकडे पाहिलं. मधल्या रांगा मोकळ्या दिसल्यावर तिचा चेहरा खुलला. ती भराभर तिकडे गेली, पिशवी खाली ठेवली आणि बसायला वाकली.

“अगं, तिथे नको! डोक्यात पडेल!”

नगरसेवक दोन्ही हात वर करून ओरडले होते. ते एकटे नव्हते. त्यांची टाळ्या वाजवणारी माणसं ओरडली, त्यांची बायको ओरडली, अध्यक्षबाई ओरडल्या, दारातले आणि खिडकीतले सगळे एका सुरात ओरडले. “तिथे नको!”

सून वाकलेली तशीच थांबली.

“काय पडेल, बाबा?”

छताचे ढलपे मधोमध पडतात, हे शहरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आया मुलांना कडेकडेनेच न्यायच्या. शिपाई मधल्या खुर्च्या मांडायचा तो डोक्यावर चहाचा ट्रे धरून, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सवय इतकी अंगवळणी पडली होती की आपण वळसा का घालतो, याचाही लोकांना विसर पडला होता. नगरसेवक खोटं बोलत होते असं नाही. इमारत धडधाकट आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सून तिथे वाकली तेव्हा मात्र पोटातलं ओठांवर आलं.

पहिलं हसू फुटलं ते त्यांच्या बायकोला.

“अहो, भाषण पुरं करा ना,” ती म्हणाली. “छताला काही म्हणजे काही... पुढे काय?”

मग जो हशा उसळला तो थांबेचना. डाव्या भिंतीची माणसं उजव्या भिंतीच्या माणसांकडे बोटं दाखवून हसत होती आणि उजवीकडची डावीकडे. शिपायाने धावत येऊन सुनेच्या डोक्यावर ट्रे धरला आणि तिला कडेला आणलं. सासूने तिला आपल्याच अर्ध्या खुर्चीत ओढून घेतलं. नगरसेवकांनी मान वर करून छताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग त्यांचंही पोट गदागदा हलायला लागलं. त्यांना फार हलकं वाटत होतं. हात खाली घ्यायचं ते विसरूनच गेले होते.

अध्यक्षबाईंनी डोळे पुसत टेबलावर थाप मारली.

“मतदान घेऊ या. दुरुस्तीच्या बाजूने असतील त्या सदस्यांनी हात वर करावा.” त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि नगरसेवकांपाशी येऊन त्या थांबल्या. “तुमचे दोन हात वर आहेत. एका सदस्याला एकच मत असतं.”

नगरसेवकांनी आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग अर्ध्या खुर्चीत अंग चोरून बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

आणि त्यांनी फक्त डावा हात खाली घेतला.